डॉक्टरांना दिलेलं मानपत्र

कोळवणच्या खोऱ्यात त्या काळी कुणाचा सत्कार निघाला की मानपत्र लिहायला मला बोलावणं यायचं. मी पुण्यात एका कचेरीत कारकून होतो, शनिवारी एसटी धरून गावी यायचो आणि अक्षर बरं होतं, एवढीच माझी पात्रता. पण खोऱ्यातले लोक मला लेखक समजत आणि मीही तो गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही. माझ्याकडे शब्दांचा ठरलेला साठा होता. अविरत, निरलस, ऋणाईत, कृतार्थ. मास्तरांची बदली असो की डेअरीच्या चेअरमनची एकसष्टी, तेच शब्द मी फक्त इकडचे तिकडे करायचो. एकदा तलाठ्याच्या निरोप समारंभात ‘आपण असंख्य बालकांच्या मनात ज्ञानाची ज्योत लावलीत’ असं मी खणखणीत आवाजात वाचलं. आदल्या महिन्यातल्या हेडमास्तरांच्या मानपत्रातलं ते वाक्य बदलायचं राहून गेलं होतं. तलाठ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकी कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

हे मी आजही घरात हसत हसत सांगतो. पण माझ्या थोरल्या वहिनींच्या उजव्या हाताचा विषय निघाला की माझं हसू आटोपतं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. माघ संपत आला होता आणि राबाची कामं चालू होती. भाताचं रोप टाकायच्या आधी आमच्याकडे वाळलेला पाला आणि शेण पसरून ती जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. त्या पाल्याचा भारा डोक्यावर घेऊन वहिनी बांधावरून येत होत्या. पाय सरकला आणि सगळा भार उजव्या हातावर आला. मनगट आणि कोपर यांच्या मध्ये हात वाकडा झालेला लांबूनसुद्धा दिसत होता.

त्या दिवशी नेमका मी गावी होतो. नसतो तर फार बरं झालं असतं. आईनं लगेच पलीकडच्या वाडीतल्या हाडवैद्याला सांगावा धाडायला सांगितलं. तो बांबूच्या कामट्या लावून हात बांधायचा. खोऱ्यातल्या निम्म्या लोकांचे हातपाय त्यानंच बसवलेले होते.

“आई, कुठल्या काळात आहेस तू?” मी म्हणालो. “दोन्ही हाडं मोडलीत. फोटो काढायला लागेल. कामट्या बांधायला हात म्हणजे काय कोंबड्यांचं खुराडं आहे?”

“त्यानं तुज्या बापाचा पाय बशिवला,” आई म्हणाली. “त्याच पायानं त्यो मरंस्तवर चालला.”

“मरेपर्यंत लंगडत चालले.”

“चालला ना पन!”

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. वहिनी डाव्या हातानं उजवा हात धरून ओट्यावर बसल्या होत्या. घामानं कपाळ डबडबलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “भावजी म्हनतील तसं. त्यांना शहरातलं कळतं.”

मला शहरातलं कळतं, हे ऐकून मी फुगलो. आमच्या साहेबांच्या ओळखीचे एक हाडांचे डॉक्टर पुण्यात होते. स्वतःचा दवाखाना, दाराशी पाटी, पाटीवर परदेशातली पदवी. जीप करून संध्याकाळच्या आत आम्ही तिथे पोचलो. डॉक्टरांनी फोटो काढला, भूल देऊन हाड बसवलं आणि बोटांच्या मुळापासून दंडापर्यंत पांढरंशुभ्र प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी घरी सोडताना म्हणाले, “एकदम छान बसलंय.” आमच्या साहेबांचं नाव घेतल्यामुळे त्यांनी आम्हाला चहासुद्धा पाजला. हाडवैद्यानं चहा पाजला असता का, असं मी गाडीत आईला मनातल्या मनात विचारलं.

वहिनींना त्या दिवसापासूनच वेदना सुरू झाल्या होत्या. घरी आल्यावर त्या वाढल्या. वहिनी तक्रार करणाऱ्या नव्हेत. तीन बाळंतपणं त्यांनी आवाज न करता पार पाडली होती. पण आता हात उशीवर ठेवून त्या कण्हायच्या आणि एकच वाक्य म्हणायच्या, “लई आवळतंय वो.”

मी कचेरीतून दवाखान्यात फोन केला. तिथला कंपाउंडर म्हणाला, “साहेब, प्लास्टर आहे, बांगडी नाही. आवळणारच की.” हे मला इतकं पटलं की पुढे मी ते स्वतःचंच वाक्य म्हणून वापरलं. शनिवारी गावी गेल्यावर वहिनींना म्हणालो, “प्लास्टर आहे वहिनी, बांगडी नाही. जरा सोसायला पाहिजे.”

“सोशिते की,” त्या म्हणाल्या. “पन बोटं गार पडल्यात.”

सोमवारी तरीही मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर ऑपरेशनला निघाले होते. दारातूनच त्यांनी विचारलं, “बोटं हलतात का?” वहिनींनी सगळा जोर लावला. करंगळी किंवा तिच्या शेजारचं बोट, कोणतं तरी एक, थोडंसं थरथरलं. “हलतंय. ठीक आहे,” म्हणून ते गेले. वेदनेच्या गोळ्या लिहून मिळाल्या. परत येताना वहिनी म्हणाल्या, “त्यांनी हात लावून बगितलंच न्हाई.” मी म्हणालो, “मोठ्या डॉक्टरांना हात लावायची गरज नसते. नजरेनं कळतं.”

त्याच रात्री वेदना थांबल्या. एकदम, नळ बंद करावा तशा. वहिनींना पहिल्यांदा झोप लागली. सकाळी दादानं विचारलं, “कसं वाटतंय?” त्या म्हणाल्या, “आता कायबी कळत न्हाई बगा. दुखत न्हाई, मुंग्या न्हाईत, काय न्हाई.”

घरात आनंदीआनंद झाला. आईनं देवापुढे साखर ठेवली. काही कळत नाही, म्हणजे काय होतंय, हे विचारायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. शहरातलं कळणाऱ्यालाही नाही.

त्याच सुमारास सरपंचांना कळलं की हे डॉक्टर आमच्या खोऱ्यात जागा बघायला येणार आहेत. शहरातले लोक तेव्हा नुकतेच इकडे शेतघरं घ्यायला लागले होते. सरपंच म्हणाले, “एवडा मोठा मानूस गावात येतोय तर सत्कार झाला पायजे. तुमच्याच घरची बाई बरी केली त्यांनी. मानपत्र तुमी लिवा.”

मी रात्रंदिवस एक करून लिहिलं म्हणणार होतो, पण खरं म्हणजे दुपारच्या सुट्टीत अर्ध्या तासात लिहिलं. ‘साक्षात धन्वंतरीचा अवतार’ हे सुरुवातीलाच घातलं. पुढे ‘आपल्या हस्तस्पर्शाने रुग्णाच्या वेदना अवघ्या आठ दिवसांत समूळ नाहीशा झाल्या’ असं एक वाक्य होतं. ते मला फार आवडलं. दोन वेळा मोठ्यांदा वाचून पाहिलं. सोनेरी किनारीच्या कागदावर छापून घेतलं, काचेची चौकट केली. खाली ‘आपले ऋणाईत’ म्हणून सरपंचांची सही, माझी सही. मग मलाच कल्पना सुचली की खुद्द रुग्णाची सही असेल तर शोभा येईल. वहिनी प्रौढशिक्षणाच्या वर्गात सही करायला शिकल्या होत्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून त्यांनी डाव्या हातानं केली. अक्षरं उतरणीला लागल्यासारखी खाली घसरत गेली. “ऱ्हाऊ द्या, लोक हसतील,” त्या म्हणाल्या. मी म्हणालो, “उलट, लोकांना गहिवरून येईल.”

शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. शाल, नारळ, लेझीम, सगळं. मी मानपत्र वाचलं. डॉक्टर म्हणाले, “मी फक्त माझं कर्तव्य केलं.” टाळ्या. वहिनी व्यासपीठाच्या कडेला खुर्चीवर बसल्या होत्या. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं सुजून काळपट झाली होती, म्हणून त्यांनी हातावरून पदर घेतला होता.

मग डॉक्टर आमच्या घरी जेवायला आले. आंबेमोहोराचा भात, मटण, सगळा थाट. वहिनी डाव्या हातानं वाढत होत्या. दोन तास डॉक्टर आमच्या ओसरीवर बसले होते आणि त्यांच्या पानापासून हातभर अंतरावर तो प्लास्टरमधला हात येत-जात होता. आत गेल्यावर दादा माझ्या कानाशी लागला. “बोटं दाखवू का रं त्यांना? लई काळी पडल्यात.”

“आता?” मी म्हणालो. “पाहुणा पानावर बसलाय. जेवणाऱ्या माणसाला काय दुखणं दाखवतोस?”

“मंग जेवल्याव?”

“जेवल्यावर पान खातील, निघतील. आज ते पाहुणे म्हणून आलेत, डॉक्टर म्हणून नाही. प्लास्टर काढायच्या वेळी बघतीलच की.”

दादानं मान डोलावली. पाहुण्याची मर्यादा त्यालाही कळत होती. वहिनींनी आणखी भात घेऊन जाऊन आग्रह केला. त्या दिवशी दाखवून काही उपयोग झाला असता का, हे मी पुढे ज्याला विचारलं त्यानं नाही असंच सांगितलं. पण सांगताना तोही माझ्याकडे बघत नव्हता.

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं. आतून जो हात निघाला तो वहिनींचा वाटेना. काटकीसारखा बारीक, कातडी चिकटलेली आणि पाचही बोटं आत वळलेली, जणू काहीतरी धरून ठेवलंय आणि सोडायचं नाही. डॉक्टरांनी हाडाचा नवा फोटो उजेडासमोर धरला. मग म्हणाले, “हाड छान जुळलंय. बोटांना व्यायाम द्या. रबरी चेंडू दाबा.” चेंडू आणला. वहिनींच्या हातात तो राहायचाच नाही. जमिनीवर पडून उड्या मारत कोंबड्यांच्या मागे जायचा.

भाकरी थापणं बंद झालं. कासोटा घालायला, वेणी घालायला आईची मदत लागायची. वहिनी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून डाव्या हातानं एकेक बोट उलगडायच्या. सोडलं की ते सावकाश परत जागेवर जायचं. आषाढात भाताची लावणी आली. वहिनी खोऱ्यातल्या नावाजलेल्या लावणीवाल्या, इतर बायका त्यांच्या मागे रांग धरायच्या. त्या वर्षी त्या बांधावर उभ्या राहून लावणाऱ्या बायकांकडे रोपांच्या मुठी फेकत होत्या, त्याही डाव्या हातानं. मुठी भलतीकडेच पडायच्या.

माझ्या कचेरीतला एक सहकारी म्हणाला, “अहो, यात डॉक्टरांची चूक असेल तर कायदा आहे. नोटीस द्या.” मला परत शहरातलं कळायला लागलं. मी वहिनी आणि दादा यांना घेऊन शिवाजीनगरला कोर्टाजवळ एका वयस्कर वकिलांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, हात उलटासुलटा करून पाहिला. तो असा नीट हातात घेऊन पाहणारा शहरातला पहिला माणूस वकील निघाला.

“नुकसानभरपाई किती मागायची?” त्यांनी विचारलं.

दादा माझ्याकडे बघायला लागला. वहिनी म्हणाल्या, “पैशे नकोत मला. ह्यो हात असा का झाला, येवडं त्यांनी सांगावं. आनि सरळ व्हनार का न्हाई, त्ये. येवडंच मागा.”

“बाई, कोर्टाकडे असं मागता येत नाही,” वकील म्हणाले. “तिथे आकडा लिहावा लागतो.”

“मंग तुमीच लिवा कायतरी. पन माझं बी त्यात घाला.”

नोटीस गेली. तिचं उत्तर आलं तेव्हा वकिलांनी मला एकट्याला बोलावलं. चष्मा लावून त्यांनी उत्तराला जोडलेला एक कागद वाचायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्या आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“‘साक्षात धन्वंतरीचा अवतार’,” वकील म्हणाले. “हे कुणी लिहिलं?”

“मी.”

“भाषा चांगली आहे. ‘वेदना अवघ्या आठ दिवसांत समूळ नाहीशा झाल्या.’ हे?”

“तेही मीच. पण त्या खरोखरच थांबल्या होत्या.”

“आणि ही सही?”

“वहिनींची. डाव्या हाताची.”

“डाव्या का?”

“उजवा प्लास्टरमध्ये होता.”

कोपऱ्यात टाइप करणारा त्यांचा कारकून थांबला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. त्याला हसू येत असावं. मलाही दुसऱ्या कुणाच्या बाबतीत आलं असतं. वकिलांनी कागद खाली ठेवला. ते रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं.

“याच्यानं सगळं संपत नाही,” ते म्हणाले. “उद्या मी कोर्टात म्हणेन, खेड्यातले भोळे लोक, त्यांना काय कळतंय. पण तुम्ही तर कचेरीत नोकरीला. ते असू द्या. मला दुसऱ्या एखाद्या हाडांच्या डॉक्टरचं लेखी मत आणून द्या की प्लास्टर आवळलं होतं, वेळेवर कापलं नाही, म्हणून हात गेला. ते मिळालं तर दावा लावू. नाही मिळालं तर कागदाला कागद काय देणार?”

पुढचे चार महिने मी त्या कागदामागे हिंडलो. एका डॉक्टरांनी हात पाहिला आणि आधी कुणी उपचार केले ते ऐकताच तब्येतीला मालिश चांगलं म्हणून सांगितलं. दुसरे म्हणाले, हे नशिबाचे भोग. तिसऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला मीच का सापडलो? प्रत्येक वेळी वहिनी एसटीनं खोऱ्यातून यायच्या, मी स्टँडवर घ्यायला जायचो. बाकावर बसून त्या हात पदराखाली घ्यायच्या आणि विचारायच्या, “आज तरी सांगत्याल का?” मी म्हणायचो, “आजचे डॉक्टर चांगले आहेत म्हणतात.”

शेवटी आम्ही एका मोठ्या सरकारी इस्पितळात गेलो. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी वहिनींना समोर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि एकेका बोटाला टाचणी लावून विचारलं, “इथे कळतं? इथे?” वहिनी मान हलवत राहिल्या. नाही. नाही. अंगठ्याला थोडं कळलं.

“प्लास्टर फार आवळलं होतं,” डॉक्टर म्हणाले. “आत रक्त पोचलं नाही. स्नायू मेले, नसाही गेल्या. पहिल्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी ते कापायला हवं होतं. दुखायचं थांबलं तेव्हा बरं वाटलं असेल ना तुम्हाला? ते बरं होणं नव्हतं.”

वहिनींनी डोळे उघडले. “आवळतंय असं मी म्हनत व्हते की,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. बोलल्या डॉक्टरांशी, पण बघितलं माझ्याकडे.

मी घाईघाईनं म्हणालो, “डॉक्टर, आत्ता जे बोललात तेवढंच लिहून द्या. दोन ओळी.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. “ते मला जमणार नाही. तेव्हा मी तिथे नव्हतो.” मग ते खालच्या आवाजात म्हणाले, “आणि ज्यांनी हे प्लास्टर घातलं, त्यांच्याच हाताखाली मी शिकलोय. खोटं नाही सांगत. पण मी हाताचं काहीतरी करू शकतो. ऑपरेशन करून बोटं थोडी उघडता येतील. पहिल्यासारखा हात होणार नाही. भांडं धरता येईल, कदाचित. नक्की नाही. केलं तर या सहा महिन्यांत, नंतर उपयोग नाही.”

त्यांनी एक छापील कागद पुढे केला. संमतीपत्र. मी तो वाचायला घेतला, पण वहिनींनी डाव्या हातानं माझ्याकडून काढून घेतला. प्रौढशिक्षणाच्या वर्गात त्या सहीच्या पुढे कधी गेल्या, मला माहीत नव्हतं. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत त्या वाचत गेल्या आणि एका ठिकाणी अडल्या.

“‘ज-बा-ब-दा-र राहनार नाही.’ कोन राहनार न्हाई?”

“डॉक्टर,” मी म्हणालो. “आणि दवाखाना.”

“मंग कोन राहनार?”

डॉक्टर म्हणाले, “बाई, हे सगळ्यांनाच सही करायला लागतं. पद्धत आहे.”

“व्हय. मागं पन सही केली मी.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “भावजी, तुमी काय म्हनता?”

वर्षभर मी म्हणत आलो होतो. हाडवैद्य नको म्हणालो, सोसा म्हणालो, पाहुण्याला दाखवू नका म्हणालो, इथे सही करा म्हणालो. एकदाही मला अडखळायला झालं नव्हतं. आता मी त्या तरुण डॉक्टरांकडे बघितलं. मनानं प्रामाणिक दिसत होते. मग त्या मिटलेल्या मुठीकडे बघितलं. हो म्हणावं असं वाटत होतं, आणि हो म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

“वहिनी, मला नाही सांगता येत,” मी म्हणालो.

त्यांनी कागद टेबलावर ठेवला, चुरगळू नये म्हणून कडा सरळ केली आणि उठल्या. “येते डाक्टरसायेब,” म्हणाल्या. “निदान तुमी सांगितलं तरी.”

गावात एसटीतून उतरलो तेव्हा दादा फाट्यावर उभा होता. “काय म्हनला डाक्टर?” त्यानं विचारलं. मी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाल्या, “बगू म्हनला.” आणि पुढे चालायला लागल्या.

मी दर शनिवारी गावी जायचो. आज ऑपरेशनचा विषय काढायचा, असं दर शनिवारी एसटीत ठरवायचो, वाक्यही जुळवून ठेवायचो. घरी पोचलो की वहिनी डाव्या हातानं चहाचा कप पुढे करायच्या, “दमला असाल भावजी” म्हणायच्या, आणि मी कचेरीतल्या गमती सांगायला लागायचो. त्या हसायच्या. असे सहा महिने गेले. सातव्या महिन्यात मी विषय काढला. वहिनी म्हणाल्या, “मुदत संपली ना आता?” मी म्हणालो, “हो.” त्या उठून गुरांना वैरण टाकायला गेल्या.